फायबर लावलंय, तरी स्टोरेज दिसत नाही: केबल आणि प्रोटोकॉल यांची गल्लत

‘सर्व्हरला फायबर जोडलंय, स्टोरेजला पिंग जातोय, तरी डिस्क दिसत नाही. केबल दोनदा बदलून पाहिली.’

या धर्तीचं तक्रारीचं तिकीट माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतंच. (स्टोरेज म्हणजे इथे सर्व्हरला डिस्क पुरवणारं वेगळं यंत्र, आणि पिंग म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं छोटं पाकीट.) माणसं बदलतात, सर्व्हर बदलतात, मजकूर तोच राहतो. आणि दर वेळी ते तिकीट तीन टीममध्ये फिरतं. नेटवर्कवाले म्हणतात, हा पोर्ट आमच्या स्विचवर नाही. स्टोरेजवाले म्हणतात, तुमचा होस्ट आमच्याकडे लॉगिनच झालेला नाही. सर्व्हरवाले तोवर तिसरी केबल शोधायला गेलेले असतात. यात खोटं कुणीच बोलत नसतं, फक्त प्रत्येक जण वेगळ्या थराबद्दल बोलत असतो.

ज्यांच्यासमोर हा घोळ आत्ता उभा आहे त्यांनी सरळ ‘आधी कार्ड ओळखा’ या भागाकडे जावं. बाकीच्यांनी सुरुवातीपासून वाचावं, कारण घोळाचं मूळ एका शब्दात आहे आणि तो शब्द आपण सगळेच रोज वापरतो.

एकच शब्द, दोन गोष्टी

फायबर म्हणजे काचेची केबल, जिच्यातून प्रकाश जातो. फायबर चॅनल म्हणजे प्रोटोकॉल, सर्व्हर आणि स्टोरेज यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम. इंग्रजीत निदान स्पेलिंग तरी वेगळं आहे: केबलच्या शब्दात शेवटचं ‘ई’ हे अक्षर ‘आर’च्या आधी येतं, प्रोटोकॉलच्या शब्दात ‘आर’च्या नंतर. हे मुद्दाम केलेलं आहे. फायबर चॅनल आधी काचेसाठीच आखलं गेलं, मग त्यात तांब्याच्या तारेचीही सोय झाली. तेव्हा प्रोटोकॉल केबलपासून वेगळा ओळखू यावा म्हणून मानक ठरवणाऱ्यांनी ब्रिटिश स्पेलिंग उचललं. १९९४ साली त्या मानकाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. मराठीत बोलताना किंवा देवनागरीत लिहिताना मात्र तो एवढासा आधारही उरत नाही. दोन्ही ‘फायबर’च.

आता जोड्या पाहा. फायबर चॅनल तांब्यावरून चालतं: जुन्या स्टोरेजमधल्या फायबर चॅनल डिस्क मागच्या बोर्डाला साध्या धातूच्या पिनांनी जोडलेल्या असत, काच तिथे नावालाही नव्हती. इथरनेट, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कचा नेहमीचा प्रोटोकॉल, काचेवरून चालतं, आजच्या बहुतेक डेटा सेंटरमध्ये दोन स्विच काचेनेच जोडलेले असतात. आयस्कझीचं, म्हणजे साध्या नेटवर्कवरून डिस्क वापरायच्या पद्धतीचं, मानक २००४ साली आरएफसी ३७२० म्हणून आलं. त्यात स्कझीच्या, म्हणजे डिस्कशी बोलायच्या, आज्ञा टीसीपी या इंटरनेटच्या नेहमीच्या प्रोटोकॉलमधून पाठवतात, त्यामुळे खाली तांबं आहे की काच, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एफसीओई (फायबर चॅनल ओव्हर इथरनेट) तर फायबर चॅनलची फ्रेम, म्हणजे डेटाचा बांधलेला तुकडा, उचलून इथरनेटच्या फ्रेममध्ये ठेवतं.

लिपी देवनागरी आहे एवढ्यावरून मजकूर मराठी, हिंदी की नेपाळी हे ठरत नाही. केबल पाहून प्रोटोकॉल ठरवणं अगदी तसंच आहे.

आमच्याकडचा प्रसंग

एका ठिकाणी नवीन डेटाबेस सर्व्हर आला होता. मागणीपत्रात लिहिलं होतं, ‘दोन पोर्टचं फायबर कार्ड’. खरेदी विभागाने मागितलं तेच आणलं: दोन पोर्ट, एसएफपी प्लस मॉड्यूल (विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारे, काढता-घालता येणारे तुकडे) बसवलेली, काचेची केबल घेणारं कार्ड. ते होतं १० गिगाबिट इथरनेटचं. समोरच्या सॅन, म्हणजे फक्त स्टोरेजच्या नेटवर्कच्या, स्विचवर होते १६ गिगाबिट फायबर चॅनलचे पोर्ट.

केबल व्यवस्थित बसली. एलसी कनेक्टर टिक् आवाज करून अडकला, ओढून पाहिला तर हलला नाही. पण पोर्टचा दिवा लागेना. केबल बदलली, मॉड्यूल काढून पुन्हा बसवलं, स्विचवरचा दुसरा पोर्ट घेतला, केबलच्या एका टोकाच्या दोन तारा उलटसुलट केल्या. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. मी पोहोचलो तेव्हा केबलचा चौथा तुकडा लावून झाला होता आणि स्विचच खराब आहे असं जवळजवळ ठरलं होतं.

स्विचवर त्या पोर्टच्या मॉड्यूलची माहिती काढली. आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा उणे २.६ डीबीएम होता (डीबीएम हे ताकदीचं एकक, जितका जास्त उणे तितका प्रकाश कमी). काही येतच नसेल तर बरीच मॉड्यूल उणे ४० च्या आसपास दाखवतात. म्हणजे प्रकाश येत होता, आणि भरपूर येत होता. केबल पहिल्या मिनिटापासून ठणठणीत होती.

मग लिंक का नाही? दोन्ही बाजूंची मॉड्यूल ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचीच, कनेक्टर तोच, मॉड्यूल बसायची खाचही त्याच मापाची. पण १० गिगाबिट इथरनेट सेकंदाला १०.३१२५ अब्ज वेळा सिग्नल पाठवतं. १६ गिगाबिटचं फायबर चॅनल पाठवतं १४.०२५ अब्ज. त्याला ८ वर उतरवलं तर ८.५ अब्ज, ४ वर उतरवलं तर ४.२५ अब्ज. कुठेच मेळ नाही. आणि वेग जुळवताही आला असता, तरी पुढे फ्रेमची रचनाच वेगळी आहे. दोन्ही बाजू डोळ्यांत डोळे घालून बसल्या होत्या, पण एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं.

या प्रसंगातून मी एक नियम उचलला आणि आजवर त्याचा खूप उपयोग झाला आहे. प्रकाश पोहोचत नसेल तर केबल, मॉड्यूल, उलट बसलेल्या तारा, कनेक्टरवरची धूळ हे बघा. प्रकाश नीट पोहोचतोय आणि तरी लिंक नाही, तर केबलला हात लावणं थांबवा आणि दोन्ही टोकांना कोणता प्रोटोकॉल आहे, कोणता वेग आहे ते बघा. हा आकडा वाचायला एक मिनिट लागतं. तो स्विचवर मिळतो, आणि सर्व्हरवर इथरनेट कार्ड असेल तर लिनक्समध्ये एथटूल या आज्ञेला मॉड्यूलची माहिती विचारली की तिथेही मिळतो.

एक कळकळीची सूचना. प्रकाश येतोय का हे बघायला केबलचं टोक डोळ्यासमोर धरू नका. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश अवरक्त आहे, डोळ्याला जवळपास दिसतच नाही. तुम्हाला अंधार दिसतो आणि लेसर मात्र डोळ्यात जात असतो.

आधी कार्ड ओळखा

केबल पाहून काही ठरत नाही, मग कशावरून ठरवायचं? कार्डावरून.

कार्ड हातात असेल तर त्यावरचं स्टिकर वाचा. इथरनेट कार्डावर मॅक पत्ता असतो, १२ अंक-अक्षरांचा. फायबर चॅनलच्या कार्डावर, म्हणजे एचबीएवर, डब्ल्यूडब्ल्यूएन हा पत्ता असतो, १६ अंक-अक्षरांचा, आणि बहुधा १०, २० किंवा २१ ने सुरू होणारा. अक्षरं मोजा. बारा की सोळा, एवढ्यावर निम्मा प्रश्न सुटतो. स्टिकरवर दोन्ही प्रकारचे पत्ते असतील तर ते बहुतेक सीएनए आहे, म्हणजे एकाच कार्डात इथरनेट आणि एफसीओई. त्याच्याकडे पुढे येतो.

सर्व्हर चालू असेल, उघडता येत नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टीमला विचारा. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा प्रत्येक कार्डापुढे त्याचा वर्ग लिहून देते: इथरनेट कंट्रोलर, फायबर चॅनल, किंवा सिरियल अटॅच्ड स्कझी कंट्रोलर. शिवाय ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘क्लास’ खाली ‘एफसी होस्ट’ नावाचं फोल्डर असेल आणि त्यात होस्टची नावं दिसत असतील, तर फायबर चॅनलचा ड्रायव्हर चढलेला आहे. तिथेच पोर्टची स्थिती, वेग आणि डब्ल्यूडब्ल्यूएन वाचता येतो. विंडोज सर्व्हरवर पॉवरशेलमध्ये ‘गेट-इनिशिएटरपोर्ट’ चालवलं की प्रत्येक पोर्टच्या जोडणीचा प्रकार दिसतो.

मग समोरचं टोक. स्टोरेजच्या कंट्रोलरवर चार पोर्ट एकाच वळणाचे दिसतात, पण त्यातले दोन फायबर चॅनलचे आणि दोन इथरनेटचे असणं अगदी नेहमीचं आहे. मागच्या पत्र्यावरची बारीक छपाई वाचा, किंवा स्टोरेजच्या व्यवस्थापन पडद्यावर पोर्टचा प्रकार बघा. आठवणीवर विसंबू नका. मी विसंबलोय, आणि त्यापायी रात्री दीड वाजता चुकीच्या पोर्टात केबल लावून बसलोय.

तिसरं, मॉड्यूल. एसएफपीवर छापलेलं असतं ते कशासाठी आहे. फायबर चॅनलच्या पोर्टात फक्त इथरनेटसाठीचं मॉड्यूल लावलं तर बरेच स्विच ते नाकारतात आणि पोर्टच्या स्थितीत तसं लिहितातही. वेगाचंही बघा: १६ गिगाबिटचं फायबर चॅनल मॉड्यूल साधारणपणे १६, ८ आणि ४ चालवतं, ३२ गिगाबिटचं ३२, १६ आणि ८. त्यामुळे नवीन स्विचवर ३२ ची मॉड्यूल आली की ४ गिगाबिटची जुनी टेप लायब्ररी अचानक ‘बंद’ पडते. ती बंद पडलेली नसते, तिचा वेग समोरच्याला उरलेला नसतो.

केबलबद्दल थोडक्यात: पिवळी म्हणजे सिंगल मोड, फिकट निळसर-हिरवी म्हणजे ओएम ३ किंवा ओएम ४ मल्टिमोड, नारिंगी म्हणजे जुनी मल्टिमोड. रंगावर शंभर टक्के भरवसा ठेवू नका, आवरणावरची छपाई वाचा. ८५० नॅनोमीटरच्या मॉड्यूलला मल्टिमोडच लागते. ओएम ३ वर १० गिगाबिट इथरनेट ३०० मीटर जातं, १६ गिगाबिट फायबर चॅनल १०० मीटर. केबल एकच, पण पल्ला प्रोटोकॉल आणि वेग ठरवतो. ‘या केबलवर आधी सगळं नीट चालायचं’ हे वाक्य म्हणूनच पुरेसं नसतं.

‘पण पिंग तर जातोय’

या वाक्याने जितका वेळ घालवला आहे तितका कुठल्याच खराब केबलने घालवला नसेल.

स्टोरेजला जो आयपी पत्ता असतो आणि ज्याला आपण पिंग करतो, तो बहुतेक वेळा व्यवस्थापनाचा असतो. ब्राउझर उघडून सेटिंग करण्यासाठी कंट्रोलरला एक साधी तांब्याची केबल लावलेली असते, तिचा तो पत्ता. डेटा त्या वाटेने जातच नाही. फायबर चॅनलमध्ये तर डेटाच्या वाटेवर आयपी पत्ताच नसतो, तिथे डब्ल्यूडब्ल्यूएन असतात. म्हणून ‘फायबर चॅनलच्या पोर्टचा आयपी द्या, आम्ही पिंग करून बघतो’ ही नेटवर्क टीमची मागणी पूर्ण करता येत नाही, आणि त्यात कुणाची आडमुठेपणा करायची इच्छा नसते. पिंग गेला म्हणजे एवढंच कळलं की व्यवस्थापनाची वाट सुरू आहे.

आयस्कझी असेल तर पिंगला अर्थ आहे, पण योग्य पत्त्याला, सर्व्हरच्या योग्य कार्डातून केलेल्या पिंगला. सर्व्हरला दोन कार्डं असतात, पिंग ऑफिसच्या नेटवर्कमधून फिरून जातो, आणि आपण समजतो स्टोरेजची वाट मोकळी आहे. पिंग करताना कोणत्या कार्डातून जायचं ते सांगा. त्यानंतर ३२६० हा टीसीपी पोर्ट उघडा आहे का ते तपासा, आयस्कझी त्यावर ऐकत असतं.

दिवा हिरवा आहे, डिस्क नाही

फायबर चॅनलमध्ये लिंक लागली म्हणजे सर्व्हर फक्त दारापर्यंत आला. पुढे तीन पायऱ्या आहेत आणि त्या याच क्रमाने बघाव्यात. सर्व्हरचा डब्ल्यूडब्ल्यूएन स्विचवर लॉगिन झालेल्यांच्या यादीत दिसतो का? दिसत असेल तर तो आणि स्टोरेजचा डब्ल्यूडब्ल्यूएन एकाच झोनमध्ये (कुणी कुणाला पाहायचं हे ठरवणारा स्विचवरचा गट) आहेत का, आणि तो झोन चालू असलेल्या संचात आहे का? झोन बनवून जतन केला पण लागू केला नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता सगळ्यात आधी तेच विचारतो. आणि शेवटी, स्टोरेजवर त्या डब्ल्यूडब्ल्यूएनला लन, म्हणजे स्टोरेजमधून कापून दिलेली डिस्क, दिलेलं आहे का? या तिन्हींपैकी एकही गोष्ट केबल बदलून सुधारत नाही.

आयस्कझीचा अर्धवट चालणारा प्रकार

हा प्रकार सगळ्यात फसवा, म्हणून त्यावर जरा थांबतो. शोध लागतो, लॉगिन होतं, डिस्क दिसते. फॉरमॅट करायला घेतलं किंवा मोठी फाइल टाकली की सगळं गोठतं. थोड्या वेळाने टाइमआउट, पुन्हा जोडणी, पुन्हा गोठणं. तिकिटात लिहिलेलं असतं, ‘केबल लूज आहे बहुतेक.’

इथे आधी एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची बाइटमधली कमाल मर्यादा, बघा. सर्व्हरवर ९०००, स्टोरेजवर ९०००, आणि मधल्या स्विचवर एखाद्या पोर्टला किंवा दोन स्विचमधल्या जोडणीला १५०० राहून गेलेलं असतं. टीसीपी जोडणी होताना दोन्ही टोकं एकमेकांना सांगतात की आम्हाला मोठी पाकिटं चालतात. मधल्या स्विचला कुणी विचारत नाही. लॉगिनची पाकिटं छोटी, ती जातात. डेटाची पाकिटं मोठी, ती स्विच गुपचूप टाकून देतो, आणि राउटरसारखा उलट निरोपही पाठवत नाही. साधा पिंगही छोटाच असतो, विंडोजवर ३२ बाइट, लिनक्सवर ५६. तो दिवसभर सुरळीत जातो.

म्हणून पिंग ८९७२ बाइटचा करा आणि पाकीट फोडू नको असंही सांगा. ८९७२ का, तर ९००० मधून आयपीचं २० बाइटचं आणि आयसीएमपीचं (पिंगचा प्रोटोकॉल) ८ बाइटचं शीर्षक वजा केलं की तेवढेच उरतात. हा मोठा पिंग अडला आणि छोटा गेला, तर दोष सापडला. वाटेतल्या प्रत्येक स्विचवर एमटीयू वाढवा, किंवा दोन्ही टोकांना १५०० वर आणा. माझं मत विचाराल तर ज्या कार्यालयात स्विचची सेटिंग वेगवेगळी माणसं सांभाळतात तिथे १५०० वरच राहावं. थोडा वेग गेला तरी चालेल, अर्धवट अडकणारं स्टोरेज परवडत नाही.

सीएनए, आणि एक छोटं विषयांतर

एफसीओई असलेल्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम फायबर चॅनलचं कार्ड दाखवते, डब्ल्यूडब्ल्यूएनही दाखवते, पण केबल गेलेली असते इथरनेटच्या पोर्टाला. कुणीतरी यादी बघतं, ‘अरे, हे फायबर चॅनल आहे’ म्हणतं आणि केबल उपसून सॅन स्विचमध्ये लावतं. तिथे लिंक लागणं शक्यच नाही. एफसीओईला त्याला ओळखणारा, फ्रेम न टाकून देणारा इथरनेट स्विच लागतो. तेव्हा वर कार्ड ओळखायला सांगितलं त्यात एवढी भर घाला: सीएनए असेल तर केबल हलवण्याआधी ती कुठे लावलेली होती ते लिहून ठेवा.

हीच गल्लत टेबलावरच्या संगणकातही होते. एम.२ हा स्लॉटचा आकार आहे. त्यात साटाची डिस्क असू शकते किंवा एनव्हीएमईची, म्हणजे बोलायच्या दोन वेगळ्या पद्धतींची. काही मदरबोर्डवर एखादा एम.२ स्लॉट फक्त साटाच बोलतो. नवीन एनव्हीएमई डिस्क त्यात छान बसते, स्क्रू लागतो, आणि बायोसमध्ये काही दिसत नाही. डिस्क खराब म्हणून परत पाठवण्याआधी मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत तो स्लॉट काय बोलतो ते वाचा. सासच्या, म्हणजे सिरियल अटॅच्ड स्कझीच्या, बाबतीत गंमत एकाच दिशेची आहे: सास कंट्रोलरला साटाची डिस्क चालते, साटा कंट्रोलरला सासची चालत नाही.

लन म्हणजे शेअर नव्हे

बाकीच्या गल्लतींत वेळ जातो. या एकीत डेटा जातो. ‘हेच लन दुसऱ्या सर्व्हरलाही द्या, दोघांना फाइली दिसल्या पाहिजेत’ अशी विनंती आली की हातातलं काम थांबवून त्या माणसाला फोन करा. एनएफएस किंवा एसएमबी या फाइली वाटून देणाऱ्या प्रोटोकॉलच्या शेअरवर दोन सर्व्हर एकत्र काम करू शकतात, कारण फाइलींचा हिशेब स्टोरेज ठेवतं. आयस्कझी किंवा फायबर चॅनलचं लन म्हणजे कोरी डिस्क, तिच्यावरचा हिशेब सर्व्हर ठेवतो. साध्या फाइल सिस्टीमचं एकच लन दोन सर्व्हरनी एकाच वेळी वापरलं तर दोघं एकमेकांच्या नोंदींवर लिहितात आणि फाइल सिस्टीम मोडते. क्लस्टरसाठी बनवलेली फाइल सिस्टीम असेल तरच ते चालतं. एकाच स्टोरेजच्या एकाच पोर्टातून, एकाच केबलने शेअरही येतं आणि लनही येतं, त्यामुळे वरवर बघून फरक कळत नाही.

तिकिटात काय लिहायचं

आम्ही आता तिकिटात नुसता ‘फायबर’ हा शब्द स्वीकारत नाही. चार गोष्टी वेगळ्या लिहायच्या: कार्ड कोणतं, मॉड्यूल कोणतं, केबल कोणती, प्रोटोकॉल कोणता. मागणीपत्रातही तेच. ‘१६ गिगाबिट फायबर चॅनल एचबीए, दोन पोर्ट, ८५० नॅनोमीटरच्या मॉड्यूलसह’ एवढं लिहिलं असतं तर वरचा सर्व्हर पहिल्याच दिवशी सुरू झाला असता. केबलच्या दोन्ही टोकांना लावलेल्या चिठ्ठीवरही सर्व्हर आणि पोर्टच्या जोडीला प्रोटोकॉल लिहा.

आणि कार्ड बदलायची वेळ आली तर जुनं कार्ड काढण्याआधी त्याच्या स्टिकरचा फोटो घ्या, नव्याचाही घ्या. नव्या एचबीएचा डब्ल्यूडब्ल्यूएन वेगळा असतो, झोनमध्ये आणि स्टोरेजवर जुनाच नोंदलेला असतो. आयस्कझीमध्ये हेच ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा टाकल्यावर होतं, आयक्यूएन (आयस्कझीमधलं सर्व्हरचं नाव) बरेचदा बदलतो आणि स्टोरेज सर्व्हरला ओळखेनासं होतं. दिवा हिरवा, केबल नवीन, डिस्क गायब. ते दोन फोटो स्टोरेज टीमला पाठवले की काम दहा मिनिटांचं आहे.